मूठभर तांदूळ आणि पुरलेला तालंत

मत्तयाच्या शुभवर्तमानात, 25व्या अध्यायात, येशू एका मालकाची गोष्ट सांगतो. हा मालक दूरदेशी निघताना आपली मालमत्ता तीन चाकरांच्या हवाली करतो. एकाला पाच तालंत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून आपला तालंत पुरतो आणि मालक परतल्यावर जसाच्या तसा उकरून त्याच्यापुढे ठेवतो. मालक त्याला आळशी ठरवतो आणि तो एक तालंतही काढून घेतो. देवाने दिलेले गुण कसे वापरावेत यावर मंडळीत प्रवचन असले की बहुधा हाच दाखला वाचला जातो.

दाखला लहानपणापासून ऐकलेल्यांच्याही ध्यानात रकमेचा आकार येत नाही. एक तालंत म्हणजे सुमारे 6,000 दिनार, आणि एक दिनार ही त्या काळातल्या मजुराची दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस काम मिळाले असे धरले, तर एका तालंतात वीस वर्षांची मजुरी भरते. तेव्हा ज्याला एकच मिळाला, तो काही रित्या हाताचा नव्हता. ‘आपल्यापाशी देण्यासारखं आहे तरी काय’ असे म्हणत मागच्या बाकावर बसणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. या दाखल्यात त्यांना कुठेच जागा नाही. सर्वांत कमी मिळालेल्याच्या हातातही इथे अर्ध्या आयुष्याची कमाई आहे.

दुसरे असे, की पुरून ठेवणे हा त्या काळी मूर्खपणा समजला जात नसे. ज्यू धर्मशास्त्र्यांच्या चर्चांत, दुसऱ्याची रोकड सांभाळायची तर ती जमिनीत पुरणे हाच खात्रीचा मार्ग, असे मत नोंदलेले आहे. आपल्याकडेही घराच्या जमिनीत हंडा पुरत असत. त्या चाकराने रीतसर, सावधपणे वागून ठेव राखली. मग चुकले कुठे? त्याचे उत्तर तो स्वतःच देतो: त्याला मालकाची भीती वाटली. देव कठोर आहे, हिशेबात चूक काढायला टपलेला आहे, अशी ज्याची समजूत असते तो आपला गळा, आपले शिक्षण, आपला वेळ सगळेच जपून ठेवतो. मला या दाखल्यातला आळस दुय्यम वाटतो. मूळ दुखणे भीतीचे आहे.

मालक त्याला असेही सुनावतो, की निदान सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याज तरी मिळाले असते. आपल्या कर्जत-खालापूरच्या भातशेतकऱ्याच्या कानाला हे खटकेल, आणि खटकावे. या पट्ट्यात पावसाळा म्हणजे घरातले भात संपण्याचे दिवस. तेव्हा सावकाराकडून खाण्यापुरते धान्य उचलायचे आणि सुगीला दीडपट, दुप्पट फेडायचे, या रीतीने पिढ्यान्‌पिढ्या माणसे नागवली गेली. सह्याद्रीच्या पायथ्याशी एकाचे धान्य दुप्पट झाले म्हणजे दुसऱ्याची कणगी रिकामी झाली. माथेरानला 1 डिसेंबर 1912 रोजी नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल, वकील झाले ते हे सारे पाहतच. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, म्हणजे अडल्या वेळी सावकाराच्या दारी जावे लागू नये. पुढे 1942च्या लढ्यात त्यांच्या दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ते व त्यांचे सहकारी हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. लोक त्यांना हुतात्मा म्हणून स्मरतात ते योग्यच आहे. पण वकिलीची सनद हाती असलेल्या माणसाने धान्याच्या कोठीचा हिशेब मांडत बसावे, ही गोष्टही तेवढीच स्मरणात राहावी असे मला वाटते.

काही आधुनिक बायबल-अभ्यासक तर म्हणतात, की या दाखल्याचा खरा नायक तिसरा चाकरच. पिळवणुकीच्या धंद्यात भाग घ्यायचे त्याने नाकारले आणि त्याची किंमत मोजली. हे वाचन विचारात पाडणारे आहे, पण मला ते पूर्ण पटत नाही. कारण त्याच अध्यायात, हा दाखला संपताच, येशू न्यायाच्या दिवसाचे चित्र उभे करतो. तिथे राजा विचारतो ते भुकेल्याला जेवू घातले का, तहानेल्याला पाणी दिले का, उघड्याला पांघरले का, आजाऱ्याकडे आणि तुरुंगातल्या माणसाकडे गेलात का. दाखल्यातली वाढ कोणत्या वहीत मांडायची ते इथे कळते. आणि त्या चित्रात जे पसंत ठरतात त्यांना आपण कोणाची सेवा केली हे ठाऊकही नसते. भाई कोतवालांना कोणत्याही पंथाची चिठ्ठी चिकटवण्याचे कारण नाही. त्यांचे काम त्यांचेच आहे. ख्रिस्ती वाचकाने मात्र हे मान्य केले पाहिजे, की देवाची देणगी मंडळीच्या नोंदवहीतल्या नावांपुरती कधीच नव्हती. सूर्य आणि पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, हे येशूचेच सांगणे आहे.

नव्या करारात देणग्यांच्या, म्हणजे ज्यांना मराठी मंडळ्या कृपादाने म्हणतात त्यांच्या, तीनचार याद्या सापडतात. रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा 12वा, पेत्राच्या पहिल्या पत्राचा 4था. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तेच बरे आहे. कोणाला पूर्ण यादी द्यायचीच नव्हती. शिकवणे आणि रोग बरे करणे यांच्या शेजारी सेवा करणे, दया करणे, व्यवस्था पाहणे, औदार्याने देणे हीही नावे येतात. जुन्या करारात तर ज्याला देवाच्या आत्म्याने भरले असे स्पष्ट म्हटले आहे तो बसालेल हा कारागीर आहे: सोने, चांदी, लाकूड आणि रत्ने घडवणारा. प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावची तबीथा, जिला दुर्कस असेही म्हणत, मरण पावते तेव्हा गावातल्या विधवा पेत्राला तिची प्रवचने ऐकवत नाहीत. तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखवतात.

याद्यांतली ही विविधता कशासाठी, ते 19 जुलै 2023च्या रात्रीने खालापूर तालुक्याला दाखवले. इरशाळगडाच्या उतारावरची इरशाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती त्या रात्री दरडीखाली गेली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. पायथ्यापासून चिखलाची चढण पायी चढून जावे लागे, यंत्रे वर नेता येईनात, म्हणून जवानांनी आणि स्वयंसेवकांनी हातांनी, कुदळ-फावड्यांनी माती उपसली. वर चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसांचा पत्ता नव्हता. त्या अंधारात पाऊलवाट ओळखणारा, ओझे घेऊन चढू शकणारा, खाली भात शिजवणारी, नावे लिहून घेणारा, वाचलेल्या पोराला जवळ घेऊन बसणारी, यांतले कोणाचे काम मोठे आणि कोणाचे लहान? पौल शरीराच्या अवयवांविषयी जे म्हणतो, की डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही, ते अशा रात्री उपदेशासारखे वाटत नाही. साधी वस्तुस्थिती वाटते.

आता महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातल्या दोन घरांकडे जाऊ.

नोव्हेंबर 1890मध्ये पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्याला हलवले. विधवांसाठी ही शाळा त्यांनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत काढली होती. मुंबई-पुण्याची रेल्वे कर्जतवरूनच बोरघाट चढते, तेव्हा रमाबाईंच्या आयुष्यातले हे वळण आपल्याच स्टेशनावरून गेले. त्यांची देणगी कोणती हे सांगायला नको. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने मुलीला. दुष्काळाच्या काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेली दोन भावंडे हजारो मैल पायी फिरत कलकत्त्याला पोहोचली, आणि तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. 1883मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

एवढ्या विद्वत्तेचे काय करायचे? मानसन्मानाची वाट मोकळी होती. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरत होत्या, विकल्या जात होत्या. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. स्वतः दुष्काळातून चालत आलेल्या बाईला त्या मुलींच्या डोळ्यांत काय दिसले असेल, ते मी सांगू धजत नाही. त्यांच्यासाठी पुण्याच्या पूर्वेला केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. 1900च्या सुमारास तिथे सुमारे 1,900 जण राहत होते. विहिरी, शेती, माग, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे सगळे होते, आणि ते चालवणाऱ्या त्या मुलीच होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. ज्या मुलींना जगाने केवळ खाणारी तोंडे मानले होते, त्यांच्यातून शिक्षिका तयार झाल्या.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेऊन बायबलचे मराठी भाषांतर केले. काम बरीच वर्षे चालले. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या या बाईने भाषा ठेवली ती खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला कळेल अशी. ज्ञानी माणसाला सोपे लिहिणे किती जड जाते हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी आपली सगळी झळाळी बाजूला ठेवावी लागते. आणि हा ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला. खिळे जुळवणारी, प्रुफे काढणारी, पाने दुमडणारी आणि शिवणारी माणसे म्हणजे तिथल्या बायका. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, संपूर्ण ग्रंथ 1924मध्ये बाहेर आला. दान घेणाऱ्या मुलीच्या हाताने दात्रीच्या भाषेतला ग्रंथ छापून निघावा, यापेक्षा औदार्याचा चांगला नमुना मला माहीत नाही.

दुसरे घर टिळकांचे. नारायण वामन टिळक 10 फेब्रुवारी 1895 रोजी ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या, काही वर्षे दोघे वेगळे राहिले, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांची देणगी कवितेची. ती त्यांनी मराठी मंडळीच्या स्वाधीन केली. आजही मराठी उपासनेत त्यांची भजने गायली जातात, आणि परदेशी चालींवर बसवलेल्या गीतांच्या जागी अभंग, ओवी आणि कीर्तन आले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. तरुण बालकवी ठोंबरे अहमदनगरला त्यांच्या घरी राहिले. अनाथ मुले तर घरात असायचीच. 1917मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाच्या स्वप्नामागे लागले.

पण हे औदार्य कोणाच्या जिवावर चालले, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण लक्ष्मीबाईंनी ते लिहून ठेवले. त्यांच्या आत्मकथनाची, ‘स्मृतिचित्रे’ची, प्रसिद्धी 1934पासून भागाभागाने झाली. हातात आलेला पैसा टिळकांकडे टिकत नसे, आणि उद्याची चूल लक्ष्मीबाईंना पेटवायची असे. त्या हे हसत सांगतात, नवऱ्यावरच्या अपार प्रेमाने सांगतात, पण सांगतात. ख्रिस्ती प्रवचनांत टिळकांचे देणे नेहमी येते, लक्ष्मीबाईंचे चालवून नेणे क्वचित. हे मला अन्यायाचे वाटते. घरातल्या दुसऱ्या माणसाला न विचारता दिलेले दान हे अर्धे त्याच्या खिशातून गेलेले असते. कर्जत असो की खोपोली, पाळकाच्या घरची बाई, रात्री-अपरात्री पाहुण्यांना भाकरी करून घालणारी, आपल्याला आजही दिसते. तिचे नाव आभाराच्या यादीत असावे, एवढे तरी.

या घराचा हिशेब तिथेच संपत नाही. लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, टिळकांमुळे. टिळक 9 मे 1919 रोजी गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य जेमतेम सुरुवातीच्या अध्यायांपर्यंत आले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचून ते पूर्ण केले. नवऱ्याचा कवितेचा वारसा बायकोने पुढे नेला, आणि गद्यात तर ती त्याच्याही पुढे गेली. मराठी वाचक आज टिळकांच्या कवितांपेक्षा ‘स्मृतिचित्रे’च अधिक आवडीने वाचतात.

आता परत कर्जत-खालापूरला. हे दोन तालुके मुंबईला आणि पुण्याला इतके जवळ आहेत, की दान द्यायला येणाऱ्यांची इथे वाण नाही. शनिवार-रविवारी गाड्या येतात, वाडीवर ब्लँकेटे, वह्या, बिस्किटे वाटली जातात, फोटो निघतात, गाड्या जातात. यात ख्रिस्ती गट असतात, इतरही असतात. ब्लँकेटाची ऊब खरी असते आणि देणाऱ्याचे मनही बहुधा खरे असते, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. पण तबीथेच्या गोष्टीत ती विधवांना ओळखत होती, आणि त्या तिला. वाटप करून निघून जाणाऱ्याला हे साधत नाही.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. पूर्वी खैरापासून कात काढणारी, पुढे कोळसा पाडणारी, आता दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी आणि पावसाच्या तोंडावर परतणारी. त्यांच्याकडे ‘काहीच नाही’ असे धरून चालणारा दाता दाखल्यातल्या चाकरासारखाच तालंत पुरतो, फक्त दुसऱ्याचा. जूनच्या पहिल्या पावसानंतर कर्जत आणि नेरळच्या बाजारात आदिवासी बायका शेवळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळे घशाला खाजते. त्याची खाज मारायला काकडाची फळे घालावी लागतात, आणि विकणारी बाई जुडीबरोबर ती फळेही देते, कसे चिरायचे, काय काढून टाकायचे ते सांगते. कुरडू, टाकळा, भारंगी यांचे ज्ञान, नदीतल्या माशांचे, जंगलातल्या औषधी मुळांचे ज्ञान ही देणगी कोणत्या यादीत लिहायची? जी मंडळी वाडीवर शिकवायला जाते तिने तितकाच वेळ शिकायला बसावे. बसायचे तर दिवाळीच्या आधी, कारण नंतर माणसे भट्टीवर गेलेली असतात. आणि उचलीच्या कागदावर अंगठा उठण्यापूर्वी तो कागद वाचून दाखवणारा साक्षर तरुण हे या तालुक्यांत कोणत्याही ब्लँकेटाहून मोठे कृपादान आहे.

पैशाचे काय? देणगी म्हटले की कमी उत्पन्नाची मंडळी संकोचते. त्यांच्यासाठी मिझोरामचे उदाहरण ठेवतो, कारण ते तांदळाचे आहे, आणि कर्जतला तांदूळ कळतो. भात संशोधन केंद्र इथे 1919पासून आहे, ‘कर्जत’ नाव लावलेली वाणे कोकणभर पेरली जातात. मिझो ख्रिस्ती बायकांनी 1910च्या सुमारास एक रीत सुरू केली. प्रत्येक वेळी भात शिजवायला घेताना मापलेल्या तांदळातून एक मूठ काढायची आणि वेगळ्या भांड्यात टाकायची. स्वयंपाक दिवसातून दोनदा, म्हणजे मुठी दोन. ठरलेल्या दिवशी मंडळीतल्या बायका घरोघर जाऊन ते तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. पगाराच्या नोटा हाताळणारा पुरुष दशांश देतो. नोट जिच्या हाती येतच नाही तिच्या ताब्यात एकच गोष्ट असते, मापलेला तांदूळ, आणि तिने त्यातूनच वाट काढली. गरीब डोंगरी प्रदेशातली ती मंडळी आज शेकडो सेवक बाहेर पाठवते त्यात या मुठींचा मोठा वाटा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्यांत हंगामाच्या उपकारस्तुतीला लोक भोपळे, अंडी, कोंबडी, नव्या तांदळाची पिशवी वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. घेतलेला भोपळा पुन्हा लिलावाला देण्याची चढाओढ लागते. ही रीतही त्याच कुळातली.

मिझोरामच्या गोष्टीचा एक भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. ज्या प्रेस्बिटेरियन मंडळीचा खर्च बायकांच्या मुठींनी उचलला, तिने त्याच बायकांना पाळकपदाची दीक्षा दशकानुदशके दिली नाही. ईश्वरविज्ञानाच्या पदव्या घेतलेल्या स्त्रियाही तिथे वेदीच्या अलीकडेच थांबल्या. आपल्याकडे उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रीला पाळक होता येते. तरीही गावोगावच्या छोट्या प्रार्थनासभांत जमाखर्च कोण लिहिते, वचन कोण वाचून दाखवते आणि चहाची भांडी कोण घासते हे पाहावे. बोलता येणाऱ्या बाईला वर्षानुवर्षे फक्त भांड्यांपाशी ठेवले गेले असेल, तर तो तालंत तिने पुरलेला नाही. पुढच्या रविवारी वचन वाचायला तिचे नाव सुचवता येईल.